कप कुठे ठेवता?

आपांना राग आला की त्यांचं बोलणं बंद व्हायचं आणि त्या वस्तू गोळा करायला लागायच्या. तासगावच्या आपा सांगलीत मी शिकवते त्या शाळेत तासांवर चित्रकला शिकवायच्या. मुलींच्या संडासाला कडी नव्हती. पोरी एका हातानं दार धरून बसत. अर्ज करून झाले. मग आपांनी मुख्याध्यापकांच्या बाथरूमची कडी काढली, पुठ्ठ्यावर लावून व्हरांड्यात टांगली. खाली लिहिलं, 'सरांना लाज वाटते. मुलींनाही वाटते.' दोन दिवसांत सगळ्या दारांना कड्या आल्या.

"चित्र काढलं की मान्सं छान छान म्हंत्यात आन् जात्यात," त्या म्हणायच्या. "वस्तू ठिवली की वळकत्यात."

गेल्या वर्षी संस्थेच्या प्रदर्शनासाठी त्यांनी घरकामाच्या बायकांना सांगितलं, "तुमाला च्या देत्यात त्यो कप मागून आना." बायकांनी आणले. टवके उडालेले, कान तुटलेले. कप घरात कुठे ठेवतात, एवढंच आपा विचारायच्या आणि मी चिठ्ठीवर लिहायची. मोरीचा कट्टा. जिन्याखाली. मग आमच्या घरी काम करणारी शालन पुढे आली. कप ठेवून माझ्याकडे बघू लागली.

"लिव की," आपा मला म्हणाल्या.

मी लिहिलं : गॅलरी, तुळशीच्या कुंडीमागे. घरी जाऊन आईला मात्र काही बोलले नाही. तो राग अजून माझ्यावरच आहे.

प्रदर्शनात संस्थेचे अध्यक्ष चिठ्ठ्या लावलेल्या कपांपुढे थांबले. "ही काय कला आहे?"

"न्हाई सायेब, भांडी हायती. तुमच्या घरातलं बी एक हाय त्यात."

तासाभरात शिपायांनी कप पोत्यात भरून कचरागाडीत फेकले. फुटल्याचा आवाज हॉलभर आला. एकही जण जागचा हलला नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना बोलावलं. "चिठ्ठ्यांवर अक्षर कुणाचं?" अध्यक्षांनी विचारलं. माझी नोकरी कायम व्हायची होती. मी खाली बघत राहिले.

"माजं," आपा म्हणाल्या.

त्यांचे तास त्याच दिवशी बंद झाले. मी स्टँडवर गेले, तेव्हा त्या तासगावच्या गाडीत बसल्या होत्या. खिडकीखालून म्हणाले, "आपा, मला माफ करा."

"माजी कशाला? शालनची मागितलीस व्हय?"

मागितली नव्हती. गाडी सुटली. त्यानंतर त्यांनी माझा फोन कधी उचलला नाही.

परवा महिलादिनाला अध्यक्ष समतेवर अर्धा तास बोलले. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. 'सरांच्या विचारांनी आपण भारावून गेलो आहोत,' असं मी माइकवर म्हणाले, आणि पहिली टाळीही मीच वाजवली.