चुलीवरचं कोळिष्टक

आमच्या वाडीत चार घरं. चारही घरांचं भाताचं बियाणं सासूच्या काळापासून आमच्या चुलीवरच्या माळ्यावर राहायचं. बी पेंढ्यात गुंडाळून, दोरीनं आवळून गोल मुडी करायची आणि पेरणीपर्यंत धुरात ठेवायची. सासू गेली, नवरा गेला, लेक खानापूरकडं दिली. मुड्या तेवढ्या राहिल्या. त्यांच्यामुळं माणसं दारात यायची.

नव्वद सालाच्या आधी एका वर्षी शेजारच्या भावकीतल्या दिराचं बी उगवलंच नाही. बाकीच्यांचं निम्मंशिम्मं आलं. दीर येऊन दारात उभा राहिला.

"वैनी, बी मेलं. तुझा हात म्हातारा झाला."

मागून त्याची आई म्हणाली, "एकटीचं घर. तिथं काय जगणार?"

ते गेल्यावर मी उरलेली एक मुडी सोडली. गाठ घट्ट होती, पेंढा चांगला होता. आतलं बी मात्र दमट, बुरशी धरलेलं. म्हणजे हात चुकला नव्हता. मग शिडी लावून माळा बघितला. चुलीच्या बरोबर वर कोळ्यानं जाळं विणलं होतं. सासूच्या वेळी तिथं बोट लावलं तर काजळी यायची. आठ माणसांचा स्वयंपाक, चूल दिवसभर पेटलेली. मी सकाळी एकदाच भात शिजवायची आणि तोच दोन्ही वेळा खायची. एकटीचा धूर पुरत नव्हता. म्हातारी टोचून बोलली, पण बरोबर बोलली.

हात म्हातारा झाला म्हणून मी दोष घेतला असता, तर मुड्या दुसऱ्या कुणी बांधून माझ्याच माळ्यावर ठेवल्या असत्या. पण पुढच्या वर्षी पुन्हा बी मेलं असतं. मी दिराला खरं ते सांगितलं.

"धूर पायजे? मग लगीन करतीस काय?" तो हसला.

"नवरा नको. तुझी चूल हाय की. अकरा माणसं जेवत्यात. मुड्या तिथं ठेव."

माझा माळा रिकामा झाला.

एक काम मात्र मी मागून घेतलं. पेरणीच्या महिनाभर आधी प्रत्येक मुडीतले दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून माझ्याकडं ठेवायचे. नऊ फुटले तर बी चांगलं. पाचच फुटले तर बदलायला वेळ असतो. ही रीत आधी नव्हती. अजून चालू आहे. तेवढे दिवस रोज कोणीतरी येऊन विचारतं, "काकू, मोड आले व्हय?"

मोड तिसऱ्या दिवशी दिसतात. मी पाचव्या दिवशी सांगते.