निरांजनाचं ताट

समस्त रसिकजनहो, अत्यंत गंभीर निवेदन. मालवणच्या एका सभागृहाच्या दारात भर सकाळी एक राणी उभी करण्यात आली होती. ती राणी मी. वय बावन्न, दोन मुलांचा बाप, दशावतारात तीस वर्षं बाईची कामं करणारा. आमच्यात त्याला स्त्रीपार्टी म्हणतात.

बोलावलं होतं सत्काराला. "वेशातच या," असा निरोप. दोन तास तोंड रंगवलं, नऊवारी नेसलो, बांगड्या चढवल्या. संयोजकांनी दारातच हातात ताट दिलं. हळदकुंकू, पेटतं निरांजन. "पाहुण्यांना ओवाळा. छान दिसेल."

ओवाळलं. वाटलं, आता खुर्ची.

मंचावर खुर्च्या मोजक्याच. एकीवर बापू, आमच्या कंपनीतला राजा, वीस वर्षं माझा नाटकातला नवरा. त्याचं नाव पुकारलं, शाल दिली, नारळ दिला. मी बाजूला उभा. प्रत्येक सत्काराला ओवाळायचं. शेवटचा नारळ संपला. माझं नाव नाही.

प्रमुख पाहुणे मोठे हॉटेलवाले, जुन्या जमीनदार घरातले. माइकवर म्हणाले, "आणि ह्या आमच्या वहिनी. वहिनी, जरा लाजून दाखवा."

सभागृह हसलं. बापूही हसला. तेच लागलं.

शाळेत मास्तर मला 'बायल्या' म्हणून बाकावर उभा करायचे. तेव्हाही सगळे हसायचे. मी खाली बघायचो.

पण आता मला लाजता येत होतं. चार वर्षं शिकलो होतो ते. गुरू मला विहिरीवर घेऊन जायचे. भरलेली कळशी कमरेवर घेताना बाई कुठल्या पायावर भार टाकते, ते बघायला लावायचे. म्हणायचे, "लाज डोळ्यांत नसता रे. मानेत आसता." बाईला मंचावर उभं राहायची मुभा नव्हती, तेव्हा त्यांच्या गुरूंनी तारा, मंदोदरी उभ्या केल्या. एका बाकड्यावर. तेच सिंहासन, तोच डोंगर. लिहिलेले संवाद आमच्याकडे नसतातच. राजा बोलला की राणीनं तिथल्या तिथे उत्तर द्यायचं.

दिलं.

पाहुण्यांसमोर गेलो आणि ताट पुढे केलं. पेटत्या निरांजनाचं ताट आपल्याकडे कोण नाकारतो? हात आपोआप पुढे येतात. त्यांनी माइक सोडला, दोन्ही हातांनी ताट धरलं. माइक मी घेतला.

"महाराज," राणीच्या आवाजात म्हणालो, "ज्या दरबारात राणीला नाव नाही, तिथे राणी ओवाळत नाही."

मग माझ्या जाड्याभरड्या आवाजात माझं पूर्ण नाव सांगितलं. गुरूंचंही. कोणी हसलं नाही. बापूनं उठून खुर्ची सरकवली. मी तिच्याकडे बघितलंही नाही. ऐनवेळची खुर्ची मला नको होती.

तिथेच सांगून टाकलं. यापुढे पत्रिकेवर माझं नाव छापलेलं दिसेल, तरच देवळातल्या जत्रेबाहेर तोंडाला रंग लागेल. ओवाळायला मी येणार नाही. फर्माईश केली म्हणून लाजणार नाही. आणि माझ्या हाताखाली जो कोणी शिकेल, त्याला कळशीच्या आधी हे शिकवीन.

माइक ठेवला. पदर सावरला. राणीच्या चालीनं, अजिबात घाई न करता, मधल्या वाटेनं निघालो. दारात पोचल्यावर मागे वळून बघितलं. पाहुणे अजून ताट धरून उभे, निरांजन पेटतंच. ते खाली ठेववेना, कोणी हातात घेईना. सभेतली शुद्ध मराठी विसरून ते ओरडले, "अरे, आता ह्यां ताट खंय ठेवू?"