मामंजींची झील

लग्न होऊन मी पुण्याहून बुलढाण्याला आले, त्याच आठवड्यातली गोष्ट. तांदूळ निवडता निवडता माहेरची एक ओवी गुणगुणत होते. ओळ संपते न संपते तोच शेजारच्या खोलीतून कुणीतरी तिचे शेवटचे शब्द जाड्याभरड्या आवाजात उचलले आणि चांगले लांबवले. माझ्या हातातलं सूप पडलं, तांदूळ घरभर झाले. दारात सासरे उभे! नुकतेच आमच्या गावाहून, उंद्रीहून आले होते, पायांवरची धूळसुद्धा धुतलेली नव्हती.

"थांबली काऊन, सूनबाई? म्हण ना. मी हाये मागं."

सासऱ्यांपुढे आवाज चढवायचा नाही, ही आईची शिकवण पदराला बांधून आलेली मी. हसावं की रडावं तेच कळेना. पण त्या घरात मला आपलं असं कुणीतरी आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

मामंजी राहायचे गावीच, आमच्याकडे येऊन-जाऊन असायचे; उंद्रीच्या भजनी मंडळातले ते झिलकरी. म्हणजे पुढचा बुवा ओळ गाणार आणि मागे उभे असलेले तिचा शेवट उचलून धरणार, तोवर बुवानं दम खायचा. याला झील धरणं म्हणतात. मिसरूड फुटल्यापासून मामंजींनी हेच केलं. जन्मात कधी पहिली ओळ स्वतः म्हटली नाही. आवाजाचं म्हणाल तर वंगण संपलेल्या बंडीच्या चाकाचा. सुरात असायचे ते केवळ योगायोगानं. पण कुणी त्यांना बाजूला हो म्हटलं नाही, कारण गाणारा सखारामजी त्यांच्याशिवाय उभाच राहत नसे.

ते मला सांगायचे, "गानाऱ्याचा दम सरते, सूनबाई. त्याच्या दमाखाली कोनाचा तरी दम पाह्यजे. गानाऱ्याले एकटं टाकू नोको, पाप लागते."

ही खोड जागा पाहत नसे. जात्यावर बाई बसली की हे ओसरीवरून झील धरणार. एकदा तर कहर झाला. एका बड्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यावर आम्हाला चहाचं बोलावणं होतं. त्यांची मुलगी पेटीवर गाणं म्हणायला बसली. पहिली ओळ संपली आणि व्हरांड्यातून मामंजींनी ती उचलली. पोरगी दचकली, रडत आत पळाली. आमचे हे वकील, चारचौघांत वावरणारे. चहा अर्धा टाकून त्यांनी आम्हाला तडक घरी आणलं. मला मात्र पदर तोंडात कोंबावा लागला होता.

पुढे खामगावात मोठा जलसा ठरला. दूरदेशीचे एक नामांकित बुवा येणार होते आणि ठरवणाऱ्यांत आमचे हे पुढे होते. नाटकं व्हायची त्या भल्यामोठ्या पत्र्याच्या थिएटरात पुढे अधिकाऱ्यांच्या आणि कापसाच्या व्यापाऱ्यांच्या खुर्च्या, मागे बाकं, त्याच्याही मागे जाजमं, आणि आम्हा बायकांना वर गॅलरी. मामंजींना गाणं ऐकायची केवढी हौस! सकाळीच उंद्रीहून येऊन बसले. निघताना ह्यांनी त्यांना गाठलं आणि स्पष्ट सांगितलं, "बाबा, हे भजन नाही. तिथं ऐकायचं असतं, तोंड उघडायचं नाही. वचन द्या." मामंजींनी निमूटपणे मुलाच्या हातावर हात ठेवला.

बुवा म्हातारे होते. रात्रभर रेल्वेनं येऊन थकलेले, त्यात साथीला मागे गाणारा शिष्य तापानं मुक्कामीच पडलेला. दिवस कापसाचे, खामगावच्या हवेत रुईचे तंतू उडत होते. तरी बुवा काय गायले! वरून मला मामंजी नीट दिसत होते. जाजमावर मांडी घालून बसले होते आणि उपरण्याचं टोक त्यांनी दातांत घट्ट धरलं होतं. ते पाहून आधी मला हसूच आलं.

शेवटी बुवांनी अभंग धरला. वरच्या सुरावर गेले आणि ठसका लागला. ओळ मधेच तुटली. त्यांनी मागे वळून पाहिलं. शिष्याची जागा रिकामी. मग त्यांनी समोर पाहिलं. एवढं भरलेलं थिएटर, पण सगळे कसे सभ्य, शिस्तीत, गप्प. मामंजी गुडघ्यांवर उठले होते, मान ताठ, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या, आणि उपरणं तसंच दातांत. पुढच्या रांगेतल्या कुणाला वाटलं गाणं संपलं. त्यानं टाळी वाजवली. मग काय, सगळं थिएटर टाळ्यांनी दणाणलं. बुवांनी हात जोडले आणि तंबोरा खाली ठेवला.

जलसा फार रंगला, असं जो तो ह्यांना सांगत होता. हे खुशीत होते. बाहेर मामंजी एकटेच भिंतीशी उभे होते, डोळे लाल. मी जवळ गेले, तर म्हणाले, "तो माणूस हाक मारून राह्यला होता, सूनबाई. मले तो अभंग येत होता. आपन समद्यांनी त्याले एकटं टाकलं, अन् वरून टाळ्या वाजवल्या."

त्यानंतर मामंजी भजनात उभे राहिले नाहीत. सखारामजी घरी येऊन विनवून गेला, तर गळा बसला म्हणाले. जात्यावरची बाई गायची आणि ओसरी गप्प असायची. मला ते सोसवेना. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही एकदा बाबांना म्हणा ना. हे म्हणाले, मी काय त्यांना भजनाची मनाई केली? खरंच होतं, केली नव्हती. पण मन मोडायला मनाई लागते थोडीच? मी एकदा मुद्दाम त्यांच्यासमोर ओवी म्हटली. ते हसले, डोक्यावर हात ठेवला आणि उठून गेले. त्या दिवशी मी ह्यांच्याशी बोलले नाही.

थंडीत मामंजी गेले, उंद्रीलाच. सगळं गाव लोटलं. अंत्ययात्रेपुढे भजनी मंडळ. हे हातात मडकं घेऊन खाली मान घालून निघाले. आम्ही बायका दारातच थांबलो. सखारामजीनं अभंग उचलला, पण ओळीच्या शेवटाला त्याचा दम सरला. तो मागे वळला. मामंजींची जागा रिकामी होती आणि बाकीचे रडत होते. टाळसुद्धा थांबले.

तेवढ्यात गल्लीच्या वळणावरून झील आली. जाडीभरडी, बेसूर, लांबवलेली. सखारामजीनं दम घेतला आणि पुढची ओळ धरली. पुन्हा झील आली.

शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नणंदेनं दचकून माझा हात पकडला. म्हणाली, "वहिनी, बाबा!"

"नाही हो," मी म्हटलं, "तुमचा दादा आहे."