वैकुंठरथाचा पुढचा बंपर

माणसाचा शेवटचा प्रवास कोणीही अडवू शकत नाही. हे वाक्य मी अनेक शोकसभांमध्ये ऐकलं आहे, आणि दर वेळी लोकांनी गंभीरपणे माना डोलावल्या आहेत. केळव्याच्या पुढच्या एका मच्छीमार गावात मात्र तो प्रवास पुढच्या बंपरने अडवला होता. तो बंपर आता माझ्या वर्कशॉपमध्ये होता आणि मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो होतो.

माझं वर्कशॉप बोईसरला, सालवडच्या रस्त्यावर. फॅब्रिकेशनचं काम करतो. म्हणजे लोखंड कापणं, वाकवणं आणि जोडणं. कंपन्यांची कामं असतात, मधूनच कोणी पिकअप घेऊन येतो. ही पिकअप मात्र साधी नव्हती. गावच्या मंडळाच्या अध्यक्षांनी दान केलेला तो वैकुंठरथ होता. मागे काचेची खोली, आत तिरडी ठेवायचा फळा. पुढे बॉनेटवर फायबरचा मोठा पांढरा हंस. हंसाची छाती पार बंपरखाली उतरलेली, आणि तिच्याखाली स्टीलची जाड पाटी. पाटीवर अध्यक्षांचं नाव. मेलेल्याचं नाव कुठे लिहायची सोय नव्हती.

गाडी घेऊन आला होता हरेश्वर. बोट विकल्यापासून तो हा रथ चालवत होता.

"शेठ, सगला पुढचा भाग कापा," तो म्हणाला. "परत तसा झाला ना, तर मी गावात तोंड दाखवणार नाय."

झालं होतं ते असं. त्यांचं स्मशान किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांत. तिथे जाताना वाळूचा एक उभा चढ लागतो. आदल्या आठवड्यात एका म्हाताऱ्याला नेताना हंस छातीपर्यंत त्या चढात घुसला. मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि रडणाऱ्या लोकांवर वाळू उडाली. ढकलाढकलीत तिरडी सरकून केबिनवर आपटली. शेवटी प्रेत उतरवून खांद्यावर नेलं. पण भरदुपारी खांदा द्यायला गावात माणसं कुठे असतात? तरणी पोरं बोटीवर, नाहीतर कंपनीत. जे होते त्यांना स्वतःलाच धरून न्यायची वेळ आलेली.

"आयनं ते बघितलं," हरेश्वर म्हणाला. "तिचं आता काय खरं नाय. डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलंय. रोज मला म्हणते, हरेश्वर, मला तशी आपटू नको."

इथे थोडं गाडीचं शास्त्र सांगतो. पुढचं चाक जमिनीला जिथे टेकतं तिथून बंपरच्या खालच्या कडेपर्यंत एक सुतळी ताणा. ती सुतळी आणि जमीन यांच्यातला कोन म्हणजे अ‍ॅप्रोच अँगल. चढ या कोनापेक्षा उभा असेल, तर चाकाच्या आधी गाडीचं नाक चढाला लागतं. कंपनीने पिकअपला हा कोन बरा दिलेला असतो. हंसाने आणि पाटीने तो खाल्ला होता.

आमचा वेल्डर रामआसरे सगळं ऐकून म्हणाला, "सेठ, उल्टा चढ़ा दो ना. पीछे तो हंस नहीं है."

तांत्रिकदृष्ट्या सूचना अगदीच वाईट नव्हती. पुढचा भाग वाळूत घुसला नसता, फार तर घासला असता. पण हरेश्वरने कानाला हात लावले.

"मयत उलटा नेत नाय आमी. एकदा निघाला की मागे फिरायचा नाय. रिव्हर्सचा तो पींपींपीं आवाज, आणि आत आय? नाय, शेठ."

मग त्याने गाडी उंच करायला सांगितलं. त्याला मी नाही म्हटलं. गाडी उचलली की मागचा फळाही उचलला जातो, आणि तिरडी चढवणाऱ्या म्हाताऱ्यांचे हात पोहोचत नाहीत. वर काचेची खोली, गाडी डोलणार ते वेगळंच. चासीला हात लावायचा नाही, फक्त नाक आखूड करायचं, असं ठरलं. त्यासाठी अध्यक्षांची परवानगी लागणार होती.

अध्यक्ष स्वतः आले. पांढरे कपडे, दोन फोन. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी किनाऱ्यावर त्यांच्या कॉटेज उभ्या राहत होत्या, आणि त्यांचं अर्धं लक्ष तिकडे होतं.

"पाटी निघणार म्हणजे?" त्यांनी विचारलं. "सेवेला चेहरा लागतो, शेठ."

"चेहरा वाळूत जातोय, साहेब."

"ते ठीक आहे. पण नाव दिसलं पाहिजे."

"टपावर लावू. लांबून दिसेल."

त्यांनी मान वर करून टप बघितला. "अक्षरं मोठी करा मग," ते म्हणाले आणि जाताना कॉटेजच्या ग्रिलचं काम मलाच द्यायचं आश्वासन देऊन गेले. ग्रिल पुढे दुसऱ्याने केल्या.

काम तसं सरळ होतं. पाटी काढली. हंसाची छाती ग्राइंडरने कापली, मान तेवढी ठेवली. बंपरचे ब्रॅकेट नवे बनवून तो वर आणि मागे घेतला, रेडिएटरला लागणार नाही इतकाच. त्याची खालची दोन्ही टोकं तिरकी कापली. इंजिनखाली जाड पत्रा लावला, वाळूवर टेकलीच तर गाडी त्यावरून घसरत जाईल असा. पुन्हा सुतळी ताणून बघितली. कोन चांगला मोकळा झाला होता.

ट्रायल प्रत्यक्ष चढावर घ्यायची होती, म्हणून मी गाडीबरोबर हरेश्वरच्या गावी गेलो. मागच्या फळ्यावर वजनासाठी बर्फाचे टब ठेवले. हरेश्वर गाडी सुरू करणार, तेवढ्यात चढाजवळच्या त्याच्या घरातून त्याची आई काठी टेकत आली. चांगुणाबाई. आयुष्यभर पालघरच्या बाजारात मासळी विकलेली बाई. आता अंगात फक्त हाडं आणि आवाज उरला होता.

"हा हंस हाय का कोंबडा?" तिने विचारलं.

"आये, तू घरात जा. दम लागंल तुला."

"कोणाची गाडी हाय ही? माझ्यासाठीच केली ना? मग बसवून बघ." ती केबिनचं दार उघडायला लागली. मी हात दिला. ती म्हणाली, "पुढं बसते, बाबा. पाठी नंतर हायच."

हरेश्वरचा चेहरा बघवत नव्हता. त्याने गाडी चढाला लावली. नाक वाळूच्या वरून गेलं, मग चाकं चढली, खालचा पत्रा माथ्यावर किंचित घासला, आणि रथ पलीकडे सुरूच्या झाडांत उतरला. चांगुणाबाई समोरच्या स्मशानाच्या शेडकडे बघत बसून राहिली. बर्फ वितळून मागून पाणी गळत होतं.

"बरं हाय," ती शेवटी म्हणाली. "चल आता, मागं फिरव. आज फिरवता येते."

पत्र्यावर ओरखडे आले होते, म्हणून मी गाडी परत आणून त्याला पुन्हा काळा रंग मारून दिला. पुढे महिनाभर काही कळलं नाही. पावसाळा तोंडावर आला तेव्हा हरेश्वर ग्रीसिंगसाठी आला. डोक्यावर केस नव्हते.

"आय गेली, शेठ."

मी विचारलं, "गाडी?"

"कुठंच लागली नाय. जरापण नाय. आरामात गेली ती."

सवयीने मी गाडीखाली वाकलो. पत्र्यावर माझाच रंग होता, जसाच्या तसा. एक ओरखडा नव्हता. हे बरोबर नव्हतं.

"माथ्यावर वाळू तरी घासली असेल ना?"

"वाळू हाय कुठं?" हरेश्वर म्हणाला. "तो चढ अध्यक्षांनी जेसीबी लावून नेला. कॉटेजच्या भरावाला. आय जायच्या चारेक दिवस आधी."

मी त्या आखूड नाकाला धरून उठलो. टपावर अध्यक्षांचं नाव होतं, मोठ्या अक्षरांत.

त्यातून मी एवढंच शिकलो की गाडीचं तोंड कापायच्या आधी समोरचा चढ कोणाच्या कामाचा आहे, याची चौकशी करावी. हल्ली तिथून रिक्षासुद्धा जाते.