व्यवसायाच्या रकान्यातली रेघ

आमच्या आत्याने सगळ्या घराची रोगांच्या खणांत वर्गवारी करून टाकली आहे. थोरले काका जन्मजात, म्हणजे त्यांच्यात आता फरक पडायचा नाही. काकू संसर्गजन्य, त्या एका बाईजवळ बसल्या की दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली तीच गोष्ट बोलते. चुलतभाऊ ऱ्हासजन्य, तोही दहावीपासून. मला अजून खण मिळालेला नाही. "तुझ्या तपासण्या चालू आहेत," म्हणते.

तेवीस वर्षं ती रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात अहवाल टाइप करते आहे. शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवतात, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर रंगवतात, मोठे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघून बोलतात आणि आत्या टाइप करते. मी त्याच विभागाच्या खिडकीवर. बरण्या घ्यायच्या, अर्ज भरायचे, अहवाल द्यायचे. मला चिकटवलं तिनेच, त्यामुळे तिची बोलणी नोकरीतच धरलेली आहेत.

एका शब्दावर तिचा खास दात आहे: अज्ञातहेतुक. ज्याचं कारण सापडलं नाही असा रोग. घरात कुणालाही तिने तो खण दिला नाही. "शोधून शोधून थकलेल्या माणसाचा शब्द आहे तो. न शोधणाऱ्याने तोंडात घ्यायचा नाही."

त्या मंगळवारी तोच शब्द तिच्यापुढे आला. चौतीस वर्षांचा माणूस, फुप्फुसं आतून घट्ट होत चाललेली, मोठ्या डॉक्टरांचं निदान अज्ञातहेतुक. आत्याची बोटं पत्त्यावर थांबली. ही गल्ली तिने आधी टाइप केली होती. तिने जुने अर्ज उपसले. वर्षभरात त्याच गल्लीचे आणखी दोघे, दोघेही अज्ञातहेतुक. आणि तिन्ही अर्जांवर व्यवसायाच्या रकान्यात एकच उत्तर होतं. आडवी रेघ.

ती रेघ माझी.

रकाना नखाएवढा, रांग दारापर्यंत. नाव, वय, पत्ता विचारेपर्यंत मागचा माणूस कोपर मारतो. रेघ मला आधीच्या कारकुनाने शिकवली, त्याला त्याच्या आधीच्याने. खिडकीवर तिचा अर्थ 'विचारलं नाही'. आत डॉक्टर ती वाचायचे 'सांगण्यासारखं काही नाही'.

आत्या तिन्ही अर्ज घेऊन खिडकीवर आली.

"हा माणूस काय काम करतो?"

"माहीत नाही."

"माहीत नाही, की विचारलं नाहीस?"

"आत्या, रांग बघ ना."

"रांग मी बघते. तू हे बघ. यातला पहिला मेला, दुसऱ्याला नळीतून हवा देतायत. रोगी सांगतो ते लक्षण, डॉक्टरला दिसतं ते चिन्ह. आणि रेघ मारतोस तो तुझा आळस. त्याचाच रोग केलास की रे, शहाण्या."

रांगेतले एक आजोबा पुढे वाकून म्हणाले, "बाई, माझ्या अर्जावर काय लिहिलंय तेही बघा जरा."

रेघच होती.

तो चौतीस वर्षांचा माणूस समोरच्याच बाकावर खोकत बसला होता. मुकादमाने त्याला सांगितलं होतं, डॉक्टरचा कागद आण आणि सोमवारपासून कामावर ये. कारण माहीत नाही म्हटल्यावर काम करू नको असं कोण लिहिणार? आत्या त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"काय काम करता, दादा?"

"ओट्याचे दगड कापतो, मशीनवर."

"पाणी मारून?"

"पाण्याने चिखल होतो, वेळ जातो. कोरडेच कापतो."

"धूळ?"

"डबा उघडला की भातावर साय धरते," तो हसला आणि खोकत सुटला.

आत्याने बाकीचे दोन अर्ज त्याच्यापुढे धरले. तो नावं वाचत राहिला. मग म्हणाला, "हा माझ्या डावीकडच्या मशीनवर असायचा. हा त्याच्या पलीकडे."

ती उठली ती थेट मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत.

"बाई, निदान मी करतो. तुम्ही टाइप करा," मला बाहेर ऐकू आलं.

"मग करा. नाही केलंत म्हणून टाइप केलं नाही."

तेवीस वर्षांत असं कुणी बोललं नसावं. पण डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाला प्रकाश गाळणारी एक खास काच लावली. काप तोच, पण आता त्यातले बारीक कण अंधारात मंद चमकायला लागले. दगड. जुन्या दोघांचे काप मागवले, त्यांतही दगड. "मला वाटलं, रेघ म्हणजे घरीच असतो," डॉक्टर म्हणाले.

नवा अहवाल आला: दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग, व्यवसायजन्य, धुळीचा संपर्क ताबडतोब थांबवावा.

त्या माणसाने तो दोनदा वाचला. "म्हणजे सोमवारी नाही."

"कधीच नाही," आत्या म्हणाली.

"मग कारण माहीत नाही असं लिहिलेला कागदच बरा होता, ताई. कामावर तरी घेतलं असतं. आता घरी काय सांगू?" हे त्याने आवाज न चढवता विचारलं. पण कागद त्याच्या मुठीत चुरगळत होता.

आत्याने तो सोडवून सरळ केला आणि परत त्याच्या हातात दिला. मग तिने विचारलं, "शेडमध्ये अजून किती जण कापतात?"

"अकरा."

"त्यांना घेऊन या. कागद फाडायचा असेल तर त्यानंतर फाडा."

त्याने तो घडी करून खिशात घातला आणि गेला.

संध्याकाळी मी तिला मस्का लावत विचारलं, आता तरी माझा खण कोणता ते सांग.

"टाळता येण्यासारखा," ती म्हणाली. "सगळ्यात लाज आणणारा तोच."

गुरुवारी सात जण आले. पुढे तोच होता. मी पहिला अर्ज ओढला. रकाना नखाएवढाच होता, म्हणून बाहेरच्या समासात मोठ्या अक्षरात लिहिलं: दगड कापतो, कोरडा. मागचा माणूस कोपर मारत होता. मारू दिलं.