घोटभर पाणी

मंठ्याच्या ख्रिस्ती मंडळीत प्रीतीचा विषय निघाला, की लोक साळूबाईकडे बघायचे. पत्र्याच्या प्रार्थनाघरात दर रविवारी ती पोरांना शिकवायची, की देवाला दुसरं काही नको, माणसावर केलेली प्रीती पाहिजे. पोरं घोकायची, आया माना डोलवायच्या. पण दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं होतं. सख्ख्या जावेशी ही बाई सहा वर्षं बोलत नव्हती.

भांडण झालं ते सासूच्या मातीच्या दिवशी. म्हातारी बराच काळ अंथरुणाला खिळली होती आणि तिचं सगळं हागणंमुतणं साळूबाईनंच काढलं होतं. माती देऊन लोक अंगणात येऊन बसले, तेव्हा साळूबाईला 'बाई' म्हणणारी धाकटी जाऊ सुरेखा सगळ्यांदेखत म्हणाली, "बाईनं म्हातारीला मरताना घोटभर पाणी बी दिलं न्हाई." साफ खोटं! साळूबाईच्या काळजात तो शब्द रुतला तो रुतलाच.

मंडळीचा रिवाज असा, की महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाची भाकर मोडण्याआधी, ज्याच्या मनात कुणाबद्दल अढी असेल त्यानं उठून त्या माणसाचा हात धरायचा आणि सलाम म्हणायचा. या दोघी जावाही उठायच्या. बोटांची टोकं टेकवायच्या, सलाम म्हणायच्या, भाकर घ्यायच्या आणि चपला पायांत सरकवून आपापल्या वाटेनं घरी जायच्या. आपल्याकडून तर झालं, असं साळूबाईला वाटायचं.

यंदा सुरेखाला घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तिला घरी आणलं. बुधवारी सकाळी तिचा मुलगा देवानंद साळूबाईच्या दारात येऊन उभा राहिला.

"मोठी आई, माय तुझीच आठवण काढून राह्यली. बाईला जल्दी घेऊन ये म्हणती."

साळूबाईनं चपलेत पाय घातलाही होता, पण तो जुना शब्द आडवा आला. सगळ्यांदेखत बोलली ना, मग सगळ्यांदेखतच मागं घेऊ दे की!

"रविवारी पाळकबाबा प्रभुभोजन घेऊन येणार हायेत ना तुमच्याकडं? मंडळी बी राहील. मंग येते मी. तवाच समेट करू."

"रविवार लई लांब हाय, मोठी आई."

"प्रभू सांभाळील," ती म्हणाली. आणि देवानंद गल्लीच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत दारातच उभी राहिली. सुरेखाचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं.

मधल्या दिवसांत भाकऱ्या थापताना, भांडी घासताना तिनं सगळं मनात रचून ठेवलं. सुरेखा कशी रडेल, आपण तिला कसं उराशी धरू, बायका काय म्हणतील.

रविवारी ती पांढरं लुगडं नेसून, मंडळीच्या पुढं होऊन आत शिरली. सुरेखा बाजेवर पडली होती. डोळे उघडे, नजर आढ्याला.

"सुरेखा, सलाम," साळूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली.

पापणीसुद्धा हलली नाही.

"शुक्रवारी वाचा गेली," देवानंद म्हणाला. "वळखत बी न्हाई कुणाला."

"त्याच्या आधी काई बोलली का रे?"

"भिंतीकडं तोंड करून तुझ्याशीच बोलायची. म्हणायची, बाई, मी खोटं बोलले. म्हातारीला तूच पाणी पाजलंस. मला बी पाज."

साळूबाईनं माणसं बाजूला सारली. तांब्या ओढला आणि चमच्यानं पाणी सुरेखाच्या तोंडात सोडलं. ते ओठाच्या कडेनं उशीवर ओघळलं. तिनं पुन्हा सोडलं. पुन्हा ओघळलं. शेवटी पाळकांनी तिचं मनगट धरलं.

"राहू द्या, साळूबाई. घोट उतरत नाही आता."

त्या दिवशी तिनं भाकर घेतली नाही. पुढंही कधी घेतली नाही. पोरांना आता दुसरीच कोणी शिकवते. साळूबाई मागं, दाराशी, चपलांच्या शेजारी बसते. सलाम करायला कुणी हात पुढं केला, तर स्वतःचा हात पदरात घेते.

सुरेखा तेव्हा खोटं बोलली होती. ते खोटं साळूबाईनं बुधवार ते रविवार एवढ्या दिवसांत स्वतःच्या हातानं खरं करून ठेवलं.