पाय टाकू नका

फोनवर दादाचं नाव दिसलं की आमच्या घरात त्याचा अर्थ ठरलेला असायचा... कुठेतरी समुद्रात तेल सांडलंय, वहिनी बॅग भरून निघाल्या आहेत आणि त्यांच्या लेकीला, ईराला, क्लासहून आणायचंय. त्या संध्याकाळी मी सिंगापुरात सेंगकांगच्या एलआरटीत, गोल फिरणाऱ्या छोट्या लोकलमध्ये, उभा होतो, हातात भाजीची पिशवी. फोन उचलला आणि त्याने काही बोलायच्या आधीच म्हणालो, "आणतो ईराला." दादा म्हणाला, "ईरा इथेच आहे रे... रेवती गेली." दुपारी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या, हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. माझं स्टेशन आलं आणि गेलं. गाडी फिरून पुन्हा त्याच स्टेशनावर आली तरी मी उतरलो नव्हतो.

आता काही आठवडे झालेत. लोक भेटतात, "काय बाई होती हो!" म्हणतात, आणि मला दर वेळी वाटतं, यांना निम्मंसुद्धा ठाऊक नाही. रेवती वहिनी मुंबईत रसायनशास्त्र शिकल्या, दादाशी लग्न करून सिंगापूरला आल्या आणि जहाजांतून सांडलेलं तेल निस्तरणाऱ्या एका कंपनीत लागल्या. आमच्या पुण्याच्या आत्याला हे काम शेवटपर्यंत कळलं नाही. "म्हणजे पुसतेस काय?" असं ती विचारायची. वहिनी म्हणायच्या, "हो आत्या, फरशी जरा मोठी असते एवढंच." मरीन परेडच्या त्यांच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांची रांग दिसते. आपण तिथे उभे राहिलो की "काय सुंदर!" म्हणतो. वहिनी मात्र चहाचा कप हातात धरून शाळेच्या सहलीला आलेल्या बाईंसारख्या त्या जहाजांकडे बघायच्या. यातलं कोण खोडी काढणार, असा चेहरा करून.

या दशकाच्या सुरुवातीला मी नोकरीसाठी इथे आलो, तेव्हा पहिले काही महिने त्यांच्याकडेच राहत होतो. पहिल्याच आठवड्यात पोहे करायचा उत्साह आला आणि माझ्या हातून तेलाची बाटली सटकली. झाकण उघडं होतं. तेल भसाभस फरशीवर. मी फडका घेऊन धावणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "भाऊजी, पाय टाकू नका! आहात तिथेच थांबा." मी एक पाय हवेत धरून थांबलो. वहिनींनी पिठाचा डबा आणला, तेलाच्या कडेकडेने पिठाची वेस घातली आणि मग हळूहळू आत येत गेल्या. पीठ तेल पीत होतं. ओट्याशी बसलेली छोटी ईरा म्हणाली, "आई, जस्ट मॉप इट लाह!" वहिनी म्हणाल्या, "मॉप मारलास तर हॉलपर्यंत जाईल. सांडलंय तेवढंच राहू दे आधी." मला वाटलं, बाई जरा विक्षिप्तच आहे. पोहे तर राहूनच गेले.

त्या वाक्याची खरी किंमत मला पुढे पलीकडच्या किनाऱ्यावर कळली. मलेशियात, जोहोरच्या बाजूला एका खाडीच्या तोंडाशी ओरांग अस्लींचं, म्हणजे तिथल्या आदिवासींचं, छोटं गाव आहे. गावामागे तिवरांचं दाट खाजण. खेकडे, शिंपल्या, कोळंबी, सगळं पोट त्या चिखलावर. आजे-पणजे त्याच खाजणात वावरलेले, पण जमीन कुणाच्या नावावर म्हणाल तर कुणाच्याच नाही. ते खाजण मेलं, तर 'इथे आता तुमचं काय आहे?' असं विचारायला लोक टपलेलेच होते. आणि त्याच खाजणात एका जहाजाचं तेल भरतीबरोबर शिरलं. वहिनी गेल्या त्या गेल्याच. आठवडा झाला, दुसरा झाला. ईराची पीएसएलई, म्हणजे इथली सहावीची मोठी परीक्षा, तोंडावर आलेली आणि दादा नुसता धुमसत होता. शेवटी एका रविवारी त्याने माझ्या हातात थालीपिठांचा डबा आणि धुतलेल्या कपड्यांची पिशवी दिली आणि म्हणाला, "बघून ये, आहे ना जिवंत."

वुडलँड्सहून बसने पूल ओलांडून, पुढे टॅक्सी करून मी पोचलो, तर रस्त्यावर कामगारांची फौज बसलेली. फावडी, जोरदार पाण्याचे पाइप, पंप, सगळं तयार आणि सगळं बंद. खाजणाच्या काठावर फळ्या टाकलेल्या, त्यांवर वहिनी उभ्या. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले. उन्हाने काळवंडलेल्या. त्यांच्यासमोर एक साहेब घामाघूम होऊन सांगत होता की बडे पाहुणे बघायला येणार आहेत, माणसं काम करताना दिसली पाहिजेत. दुसऱ्या बाजूने गावचा मुखिया मलयमध्ये ओरडत होता. काटक म्हातारा, डोळे लाल. वहिनी त्याचं ऐकता ऐकता मला मराठीत सांगत होत्या, "म्हणतायत, तू कंपनीची बाई. आमचं पोट काळं होतंय आणि तू नुसती उभी." मग म्हाताऱ्याचं लक्ष माझ्या हातातल्या डब्याकडे गेलं. तो काहीतरी हळू बोलला. वहिनींनी क्षणभर डोळे मिटले. "म्हणाले, ज्यांचं जेवण डब्यातून येतं त्यांना 'थांबा' म्हणायला काय जातं..." तो डबा कुठे लपवू असं मला झालं.

वहिनी त्याच्यावर चिडल्या नाहीत. फळ्यांवरून त्याला खाजणाच्या एका कोपऱ्यात घेऊन गेल्या. पहिल्या दिवशी, त्या पोचायच्या आधी, तिथे मजूर उतरले होते. जिथे जिथे पाय पडला तिथे तिथे खड्डा आणि प्रत्येक खड्ड्यात तळापर्यंत काळं तेल. मग फळीवर पालथ्या पडून त्यांनी शेजारच्या, कुणीच न तुडवलेल्या चिखलावरून हलकेच एक पांढरा शोषणारा पट्टा फिरवला. वरची काळी साय निघाली आणि खाली स्वच्छ, करडा चिखल. त्यात एक बीळ. बिळाच्या तोंडाशी खेकड्याने नुकत्याच काढून टाकलेल्या मातीच्या ओल्या गोळ्या. वहिनी मोडक्यातोडक्या मलयमध्ये बोलल्या आणि मग मला सांगितलं, "वरचं तेल भरती उचलते, मी ते होड्यांतून गोळा करते. पाय पडला की ते खाली जातं. खाली गेलं की यांच्या नातवंडांनाही पुरेल." मुखिया कितीतरी वेळ त्या बिळाकडे बघत राहिला. मग त्याने एकच प्रश्न विचारला, किती दिवस राहशील? वहिनी म्हणाल्या, "तुम्ही जा म्हणेपर्यंत."

पाहुणे आले, रिकामं खाजण बघून नाराज होऊन गेले. पाइप बंदच राहिले. नंतर आम्ही दोघं झाडाखाली थालीपीठ खात बसलो, तेव्हा मी विचारलं, "वहिनी, खात्री आहे ना तुम्हाला?" त्या हसल्या. "खात्री असती तर झोप लागली असती, भाऊजी. झाडं मेली तर हेच लोक म्हणतील, त्या बाईने काही करू दिलं नाही. आणि खरंच असेल ते." हात पुसून त्या पुन्हा फळ्यांवर गेल्या, पुन्हा हात मागे. काहीतरी करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, रोज ऑफिसात पाहतो. पण सगळं जग 'काहीतरी कर' म्हणून ओरडत असताना, हरण्याची भीती पोटात घेऊन काठावर थांबून राहणारं माणूस मी ते एकच पाहिलं. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. संकोचलो, आणि "थालीपीठ थोडं जाड झालंय दादाचं" असलं काहीतरी बोललो.

ईराच्या परीक्षेला त्या आल्या नाहीत. ईरा कितीतरी दिवस त्यांच्याशी नीट बोलत नव्हती, आणि वहिनींनी त्याची कधी तक्रारही केली नाही.

पुढच्या वर्षी गावातून बोलावणं आलं. आम्ही सगळेच गेलो. मजूर उतरले होते तो कोपरा उजाड होता, वाळलेल्या काड्या नुसत्या. त्याच्या पलीकडे मात्र हिरवंगार. नवी रोपं चिखलातून वर आलेली, खेकड्यांची लगबग. काही जुनी झाडं गेली होतीच. वहिनींनी ती आम्हाला आधी दाखवली, मग हिरवं. मुखियाने आमच्यासाठी खेकडे शिजवले होते. दादाने आणि मी ताव मारला. वहिनी जन्माच्या शाकाहारी, त्यांनी भात आणि पालेभाजी खाल्ली. आयुष्यभर खेकड्यांची राखण केली बाईने, चाखला एकही नाही! जेवण झाल्यावर मुखिया उठला, चिखलात उतरला आणि वळून त्याने वहिनींपुढे हात धरला. "मारी," म्हणाला. म्हणजे, ये. इतके आठवडे तिथे काढून त्या खाजणात वहिनींचा एकदाही पाय पडलेला नव्हता. त्यांनी बूट काढले, त्याचा हात धरला आणि पाय खाली ठेवला. चिखल घोट्याच्या वर आला. त्या खाली वाकून आपल्या पायांकडे बघत राहिल्या. काठावर बसलेली ईरा उभी राहिली. तिने नंतर काही म्हटलं नाही, पण परत येताना बसमध्ये ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

वहिनी गेल्याचं मी त्या गावी फोन करून कळवलं. मुखियाच्या मुलीने ऐकलं, वडिलांना सांगितलं. मागे बरीच कुजबुज. मग ती इंग्रजीत म्हणाली, "बाबा म्हणतात, उद्या गावातलं कुणी चिखलात उतरणार नाही." एक दिवस पोटाला चिमटा घेणार होतं ते गाव.

परवा मरीन परेडला गेलो होतो. हॉलमध्ये वहिनींचा फोटो, समोर समई. देवाधर्माचं कधीच न करणारा दादा आता रोज संध्याकाळी ती लावतो. परवाही तो ती लावायला गेला. तेल घालता घालता बाटली कलंडली आणि तेल फरशीवर पसरत निघालं. दादा "अरे, अरे" करत वाकला. मी सोफ्यावरून उठलो, फडका आणायला पाऊल उचललं.

"काका, पाय टाकू नका. बाबा, आहात तिथेच थांबा."

तोच सूर. अगदी तोच. एरवी माझ्याशी इंग्रजीतच बोलणारी ईरा दारात उभी होती. ती भिंतीच्या कडेने स्वयंपाकघरात गेली, पिठाचा डबा घेऊन आली आणि गुडघ्यांवर बसून तिने तेलाभोवती पिठाची वेस घातली. मग हळूहळू आत येत गेली. दादा समईशेजारी वाकलेला तसाच, डोळ्यांतून पाणी गळत होतं तरी पुसायला हातसुद्धा हलवत नव्हता. मी एक पाय हवेत धरून उभा. पीठ तेल पीत राहिलं, आणि ईरा "आता या" म्हणेपर्यंत आम्ही दोघं जागचे हललो नाही.